पाचटाखालची नोंद

कोल्हापुरात प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र शिकलेल्या माणसाची पावलं आपसूक पश्चिमेकडे वळतात. राधानगरी, दाजीपूर, गगनबावडा, आंबा, विशाळगड. थोडं पुढं गेलं की आंबोली. वळणारच. २००९ साली दाजीपूरच्या जंगलातली एक छोटी पाल विज्ञानाला नवी ठरली आणि तिच्या नावातच जिल्हा बसला, क्नेमास्पिस कोल्हापुरेन्सिस. २०२१ मध्ये आंबोलीच्या एका गोगलगायीचं बारसं ‘वारदिया अंबोलिएन्सिस’ असं झालं. त्यातलं ‘वारदिया’ हे सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक वरद गिरी यांच्यावरून. घाटाची अशी ख्याती असताना हातकणंगल्याच्या नाहीतर पलीकडच्या कवठेमहांकाळच्या माळावर दगड उलटत बसायला कोण जातंय?

या मॅडम जातात.

शहरातल्या एका महाविद्यालयात त्या प्राणिशास्त्र शिकवतात, आणि गेली काही वर्षं सुट्टीचा दिवस गाठून पूर्वेकडचा रस्ता धरतात. पिशवीत एक चिमटा, रंगाचा जुना ब्रश, झाकणाच्या काचनळ्या, सत्तर टक्के अल्कोहोलची बाटली, पेन्सिल आणि डबा. शोधायचं असतं ते कुणाच्याच खिजगणतीत नसलेलं जनावर. तुळशीची कुंडी सरकवली, मोरीजवळची फरशी उचकटली, परड्यातलं ओलं लाकूड हलवलं की राखाडी रंगाचे, पेरापेरांचे जे चपटे किडे सैरावैरा पळतात, ते हे. काही जाती पळत नाहीत, अंगाची गोळी करून पडून राहतात. प्रयोगशाळेत यांना आयसोपॉड म्हणतात, घरात ‘ते कुंडीखालचे किडे’ एवढ्यावर भागतं.

किडे म्हणायचं ते आपलं बोलण्यापुरतं. कीटकाला पाय सहा, यांना चौदा. यांचं गोत्र खेकडा-कोळंबीचं. समुद्रातून जमिनीवर येऊन या कवचधारी गटानं जेवढं बस्तान बसवलं तेवढं त्यांच्या भाऊबंदांपैकी कुणालाच जमलेलं नाही. जगात यांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. तरी समुद्र पुरता सुटलेला नाही. मादी पोटाखालच्या एका पिशवीत, थेंबभर द्रवात अंडी वागवते. पिल्लं त्याच थेंबात उबतात आणि बाहेर येतात तेव्हा त्यांना पायांच्या सातऐवजी सहाच जोड्या असतात, सातवी नंतर फुटते. श्वसनाचे अवयवही शरीराच्या मागच्या टोकाला, खालच्या बाजूला. काही जातींत तिथं पांढरे ठिपके दिसतात, ती त्यांची फुप्फुसं. ती ओलसर राहिली पाहिजेत. शिवाय कीटकांच्या अंगावर पाणी अडवणारा जो मेणाचा लेप असतो तसा यांना नाही. कोरड्या हवेत उघड्यावर ठेवलेला आयसोपॉड काही तासांत सुकून मरतो.

अशा जिवानं कमी पावसाच्या मुलखात राहायचं कसं, हा मॅडमचा मूळ प्रश्न.

कोल्हापूर जिल्हा या प्रश्नासाठी जणू मुद्दाम आखलेला आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सरळ पूर्वेला शंभर किलोमीटरवर शिरोळ, तिथं जेमतेम पाचशे-सहाशे. आणखी पुढं सांगली जिल्ह्यात शिरलं की जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, म्हणजे दख्खनच्या पर्जन्यछायेचा निमशुष्क पट्टा. सकाळी रेनकोट घालून निघालेला माणूस दुपारी त्याच दिशेनं जात राहिला तर धुळीत पोचतो. एका जिल्ह्याच्या अंगावर एवढा उतार असताना अभ्यासकांनी त्याचं ओलं टोकच पाहत राहावं, याचं मॅडमना नवल वाटतं, थोडा रागही येतो. जिथं जीवसृष्टी दाट तिथं माणूस जाणार हे त्यांना कबूल आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की नकाशावर ठिपके घाटात दाटतात, माळ कोरा राहतो, आणि पुढचा माणूस तो कोरा भाग पाहून म्हणतो, तिकडं काही नसेल.

वर्गात त्या पहिल्या वर्षाच्या मुलांना एक साधा प्रयोग करायला लावतात. प्लॅस्टिकच्या डब्याचे दोन भाग, एकात ओला टिपकागद, दुसऱ्यात सिलिका जेल. मधोमध दहा-वीस आयसोपॉड सोडायचे आणि अर्ध्या तासानं मोजायचं. बहुतेक सगळे ओल्या बाजूला सापडतात. मुलांना वाटतं त्यांना ओलीचा वास येतो आणि ते तिकडं धावतात. नीट पाहिलं तर उलटं दिसतं. कोरड्यात ते भराभर चालतात, ओल्यात त्यांची चाल मंदावते आणि ते थांबतात. थांबायची जागा मिळेपर्यंत भटकायचं, एवढाच त्यांचा हिशोब. अमेरिकी शास्त्रज्ञ वॉर्डर क्लाइड अली यांनी १९२६ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. एकेकटा आयसोपॉड पाणी लवकर गमावतो. घोळक्यात दाटीवाटीनं बसले की प्रत्येकाचं कमी जातं. माळावरच्या एका दगडाखाली पंचवीस आणि शेजारच्या तशाच दगडाखाली एकही नाही, असं का घडतं ते मुलांना डब्यापाशीच उमगतं.

वाळवंटातही हा गट टिकला आहे. इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातला हेमिलेपिस्टस रिओम्युरी जमिनीत उभं बीळ खणतो, नर-मादी जोडीनं राहतात, बिळाच्या तोंडाशी एकजण राखणीला असतो आणि अख्खं कुटुंब एकमेकांना अंगावरच्या रासायनिक खुणेवरून ओळखतं. जर्मन शास्त्रज्ञ लिन्सेनमायर यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. वर्गात हे सांगितलं की एखादा तरी विद्यार्थी विचारतोच, ‘मग आपल्याकडच्या काळ्या मातीत?’ उन्हाळ्यात काळी जमीन हातभर खोल भेगाळते, आणि त्या भेगांच्या तळाला ओल टिकते. तिथं कोण राहतं? प्रश्न रास्त आहे. भेगेत हात घालणं मात्र रास्त नाही.

आळत्याच्या आलमप्रभू डोंगरावर आणि रामलिंगच्या बाजूला मॅडमचं बरंचसं काम झालं. सकाळी लवकर जायचं, कारण ऊन चढलं की दगडाखालची मंडळी खाली मातीत उतरतात. दगड उचलायची एक रीत आहे आणि ती त्या नव्या मुलांना आधी शिकवतात. दगडाची पलीकडची कड धरून तो आपल्याकडं कलता करायचा. मग मध्ये दगडाची आडोशी भिंत राहते आणि खाली विंचू किंवा फुरसं असेल तर त्याला पळायला पुढची बाजू मोकळी मिळते. अलीकडची कड उचलून पलीकडं ढकलणारा माणूस स्वतःचे पाय त्याच्या वाटेत ठेवतो. लाल विंचवाची भीती दख्खनला आणि कोकणाला चांगलीच ठाऊक आहे, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून त्या दंशाचे मृत्यू कमी केले, तरी औषध आहे म्हणून कुणी दंश ओढवून घेत नाही. आणि पाहून झालं की दगड होता तसाच, होता त्याच खळग्यात परत ठेवायचा. हे मुलं विसरतात. उलटा पडलेला दगड म्हणजे एक घर कायमचं बंद.

दगड ठेवून झाला की नळीत चिठ्ठी. चिठ्ठीवर गाव, ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, दगडाखाली की पाल्यात, आणि गोळा करणाऱ्याचं नाव. लिहायचं पेन्सिलीनं. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि सहा महिन्यांनी नळीत निळसर पाणी आणि कोरा कागद उरतो. चिठ्ठी नळीच्या आत हवी, बाहेर चिकटवलेली गळून पडते. ज्या नमुन्याला चिठ्ठी नाही तो कितीही दुर्मीळ असला तरी त्याची किंमत शून्य, हे त्या इतक्यांदा सांगतात की मुलं ते वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवतात.

असंच एकदा बांधावर उकिडवं बसलेलं असताना एक आजोबा येऊन उभे राहिले.

“काय हुडकालाय, मॅडम? सोनं-बिनं सापडलं काय?”

“नाही ओ आबा, किडे.”

आबांनी नळी उन्हाकडं धरून पाहिली. “ह्ये व्हय! ह्ये आमच्या गोठ्यामागं बुट्टीनं हाईत. या, दावतो.”

आबांचं म्हणणं खरं निघालं. शेणाच्या खड्ड्याच्या कडेला, अर्धवट कुजलेल्या पाचटाखाली, हात लावताच निळसर करड्या रंगाचे शेकडो आयसोपॉड उधळले. बोटावर घेतला तर अंगावरची पूड बोटाला लागते, द्राक्षाच्या सालीवर असते तशी. ही पूड, भराभर पळण्याची सवय आणि मिशीच्या टोकाकडच्या भागाला असलेली दोनच पेरं, या खुणांवरून मॅडमनी जागेवरच अंदाज बांधला: पोर्सेलिओनायडिस प्रुइनोसस. १८३३ साली ब्रांट यांनी वर्णन केलेली ही जात मूळची भूमध्य समुद्राच्या बाजूची मानतात आणि माणसाबरोबर ती जगभर पसरली आहे. कुंड्या, रोपं, शेणखत, जहाजातली माती, जे मिळेल त्यातून. तिचा भाऊबंद पोर्सेलिओ लेव्हिस हाही तसाच फिरस्ता; दिल्ली परिसरातल्या त्याच्या प्रजननाचा जी. ए. नायर यांनी केलेला अभ्यास १९८४ साली लंडनमध्ये छापला गेला आहे.

इथं प्रश्नाचं रूप बदललं. हवामानाच्या तक्त्यात शिरोळ-हातकणंगले कोरडे, पण जमिनीवर पाहिलं तर बारमाही ऊस. नदीवरून उपसा सिंचन, सरीत पाणी, सरीवर पाचटाचं आच्छादन, गुऱ्हाळाभोवती चिपाडाचे ढीग. पूर्वी शेतकरी पाचट पेटवून द्यायचे. आता बरेच जण ते शेतातच कुजवतात, कृषी खात्याचाही आग्रह तोच असतो. कुजकं खाऊन जगणाऱ्या आयसोपॉडला याहून मोठी पंगत कोण वाढणार? निमशुष्क मुलखात माणसानं पाण्याची बेटं तयार केली आणि फिरस्त्या जातींनी ती काबीज केली असावीत. बेटाबाहेर दोन किलोमीटरवर, मुरमाड डोंगरावर दगडाखाली, वेगळेच दिसतात: लहान, काळपट, गोळी होणारे. मॅडमच्या सगळ्या कामातला सगळ्यात रंजक भाग हाच, असं त्यांच्या वह्या चाळल्यावर वाटतं. त्यांच्या लेखनात मात्र तो शेवटच्या परिच्छेदात दोन ओळींत आटोपलेला असतो. शास्त्रीय लेखनाची शिस्त असेल, पण वाचणाऱ्यावर थोडा अन्यायच आहे.

गोळी होणाऱ्यांच्या बाबतीत एक घोटाळा हमखास होतो. घाटाकडची मुलं उत्साहानं मोठाले, सुपारीएवढे, चकचकीत गोळे आणून देतात. तो आयसोपॉड नसतो, वाणीच्या कुळातला गोळी होणारा मिलिपीड असतो. फरक ओळखायचा तर गोळी उलगडेपर्यंत थांबावं लागतं. मिलिपीडच्या बहुतेक पेरांना पायांच्या दोन-दोन जोड्या, आयसोपॉडच्या धडाच्या सात पेरांना एकेक. घाई करून गोळी उकलायला गेलं तर ती आणखी घट्ट होते. मुलांना हा धीर शिकवायला त्यांना व्याख्यान द्यावं लागत नाही.

खरं काम टेबलावर. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली एक नर उताणा ठेवायचा आणि पोटाखालच्या पानासारख्या अवयवांची पहिली नि दुसरी जोडी बारीक सुईनं सोडवून ग्लिसरीनमध्ये स्लाइडवर घ्यायची. जात ठरते ती इथं. रंगावर भरवसा ठेवता येत नाही. एकाच जातीत करडे, तांबूस, ठिपक्यांचे असे सगळे असतात. आणि गर्द निळा-जांभळा झळाळणारा एखादा मिळाला तर तो बहुधा नवी जात नसून इरिडोव्हायरसनं आजारी पडलेला असतो. पुढचा अर्धा गडद आणि मागचा अर्धा फिकट दिसला तर तो कात टाकण्याच्या मधल्या मुक्कामावर असतो. आयसोपॉड कात दोन हप्त्यांत टाकतात, आधी मागची, काही दिवसांनी पुढची, म्हणजे निम्मं शरीर तरी कायम टणक राहतं. त्यामुळे फोटो पाठवून “ही कोणती जात?” विचारणाऱ्यांना मॅडमकडून ठरलेलं उत्तर मिळतं, ‘नर आहे का? अल्कोहोलमध्ये आहे का?’ हल्ली मोबाइलवर निसर्गनोंदींची ॲप आहेत, त्यांवर ठिपके वाढताहेत हे चांगलंच. या गटात मात्र फोटो फार तर कुठं शोधायचं ते सांगतो.

आणि मग येते ती ‘नवी नोंद’. अमुक जात या भागातून प्रथमच नोंदली जात आहे, हे वाक्य लिहायला एक ओळ लागते. ते खरं असल्याचं दाखवायला कधी कधी वर्ष जातं, कारण तिथं सिद्ध करायचं असतं ते आधी कुणीही हे लिहिलेलं नाही, हे. त्यासाठी सगळं आधीचं पाहावं लागतं. डेन्मार्कच्या बुडे-लुंड यांचा १८८५ चा ग्रंथ, त्यातली वर्णनं लॅटिनमध्ये. वॉल्टर कॉलिंज यांनी कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधले नमुने तपासून पहिल्या महायुद्धाच्या आसपास ‘रेकॉर्ड्‌स ऑफ द इंडियन म्युझियम’मध्ये लिहिलेली लेखमाला. पुढं इटलीच्या फ्लोरेन्समधल्या स्तेफानो तैती यांचं काम. श्मालफुस यांनी २००३ मध्ये जगातल्या सगळ्या जमिनीवरच्या आयसोपॉडांची सूची छापली म्हणून बरं, नाहीतर सुरुवातच कुठून करायची हा प्रश्न होता. जुन्या वर्णनांत ठिकाण म्हणून कित्येकदा एका इलाख्याचं नाव असतं. ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ म्हणजे सिंधपासून धारवाडपर्यंत काहीही. त्यात कोल्हापूर येतं की नाही, हे कुणाला विचारायचं?

अशा नोंदींनी माणसाचं आयुष्य कुठल्या कुठं नेल्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मालवणात १८८४ साली जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. सुट्टीत सह्याद्री पालथा घालताना त्यांना सातारा जिल्ह्यात कृष्णेच्या उपनद्यांत एक इवली जेलीफिश दिसली. गोड्या पाण्यातली जेलीफिश हीच आधी दुर्मीळ गोष्ट. त्यात हा गट तोवर फक्त आफ्रिकेतून ठाऊक होता. कोलकात्याच्या नेल्सन अॅनन्डेल यांनी १९११-१२ च्या सुमारास तिचं वर्णन लिम्नोक्निडा इंडिका या नावानं प्रसिद्ध केलं. हे तेच अॅनन्डेल, ज्यांनी १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षणाची धुरा पहिल्यांदा वाहिली. आघारकरांचा त्या निमित्तानं कोलकात्याशी संबंध आला, पुढं ते तिथल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, जर्मनीत गेले, महायुद्धात तिथं अडकले, आणि बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन परतले ती वायव्य भारतातल्या कोरड्या प्रदेशांच्या वनस्पती कुठून नि कशा पसरल्या या विषयावर. १९४६ मध्ये पुण्यात त्यांनी उभी केलेली संस्था आज त्यांच्या नावानं ओळखली जाते. जेलीफिश सापडली तेव्हा हे काहीच दिसत नव्हतं. मुळात ती नदीत शेकडो वर्षं असणार. तिथं पाणी भरणाऱ्या, कपडे धुणाऱ्या कितीतरी माणसांनी ती पाहिलीही असेल. त्यांनी लिहिलं नाही आणि आघारकरांनी नमुना नेला, एवढा तो फरक.

मॅडम हे उदाहरण मुलांना सांगतात ते थोड्या वेगळ्या कारणासाठी. तो नमुना कोलकात्यात आजही तपासता यावा, अशी त्यामागची व्यवस्था होती. आपल्याकडं महाविद्यालयांच्या कपाटांत फॉर्मेलिनच्या बरण्या असतात, विभागप्रमुख निवृत्त झाले की त्या आवरल्या जातात. नोंद करायची तर नमुना मान्य संग्रहालयात जमा व्हायला हवा आणि त्याला क्रमांक मिळायला हवा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर तो परदेशी तज्ज्ञाकडं पाठवायचा तर चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाचे नियम पाळावे लागतात. या गटाचे जाणकार जगातच थोडे, त्यांतले बरेच युरोपात. पूर्वी लोक नमुने टपालानं पाठवून मोकळे व्हायचे. आता रेखाटनं, फोटो आणि स्लाइडची मोजमापं पाठवायची आणि उलट प्रश्नांची उत्तरं देत राहायची. वेळ जातो, पण हात तयार होतो. नियम जाचक आहेत अशी तक्रार त्या करतात. लगेच पुढं असंही म्हणतात की थायलंडची गत पाहा. तिथल्या चुनखडीच्या प्रदेशातले पिवळ्या तोंडाचे ‘रबर डकी’ नावाचे आयसोपॉड परदेशातल्या हौशी लोकांच्या डब्यांत चढ्या भावानं विकले गेले, तेव्हा त्यांना शास्त्रीय नावसुद्धा मिळालेलं नव्हतं.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न कोल्हापुरात टाळता येत नाही. इथं उपयोगाचं उत्तर आहे, आणि ते शहराच्या धंद्याशी जोडलेलं आहे. आयसोपॉड तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम हे धातू आपल्या पचनग्रंथीत साठवून ठेवतात. इंग्लंडमध्ये ॲव्हनमाउथच्या धातू-भट्टीभोवती स्टीव्हन हॉपकिन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हे तपासलं, आणि मातीतलं धातूचं प्रदूषण मोजायला हा प्राणी कामी येतो हे दाखवलं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्र्यांची रांग आहे. असं मोजमाप इथं करायचं म्हटलं तरी आधी हे माहीत हवं की आपण जो प्राणी दळून यंत्रात घालतोय तो कोणत्या जातीचा आहे. दोन जाती धातू सारख्याच प्रमाणात साठवतील याची खात्री नाही.

दुसरं उत्तर महापुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा-कृष्णेचं पाणी शिरोळ तालुक्यात दिवसेंदिवस उभं होतं. घरांचं, पिकांचं, जनावरांचं नुकसान मोजलं गेलं, ते व्हायलाच हवं होतं. पुरानंतर जमिनीतल्या बारीक जिवांचं काय झालं, कोण वाहून गेलं, कोण नव्यानं येऊन बसलं, हे मोजायचं तर पुराआधीची यादी हवी. ती नव्हती. नरसोबाच्या वाडीपासून कुरुंदवाडपर्यंतच्या मळ्यांत आज जे सापडतं ते पुरानं आणलं की आधीपासूनचं, हे आता कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. जास्त पाण्यानं क्षारपड झालेल्या, पांढरी फुटलेल्या जमिनींवर तर मॅडमना बांधाच्या कडेला मोजके आयसोपॉड दिसतात आणि आत शेतात जवळजवळ काहीच नाही. हे निरीक्षण त्या अजून छापायला तयार नाहीत. एका हंगामावर विधान करायचं नाही, असा त्यांचा दंडक आहे.

आबांच्या गोठ्यामागच्या नमुन्याचं काम तसं मार्गी लागलं. आलमप्रभूच्या काळपट, गोळी होणाऱ्यांचं अडलं आहे. मिळतात त्या सगळ्या माद्या. नळीमागून नळी माद्याच. यालाही एक ज्ञात कारण असू शकतं. वोल्बाकिया नावाचा जिवाणू काही आयसोपॉडांच्या पेशींत राहतो आणि जन्मानं नर ठरायच्या पिल्लांना मादी बनवतो; फ्रान्समध्ये प्वातिए इथल्या प्रयोगशाळेनं यावर दीर्घकाळ संशोधन केलं आहे. जिवाणू आईकडून अंड्यातच जातो, म्हणून त्याला माद्या हव्यात. वर्गीकरणकाराला हवा नर. आलमप्रभूच्या डोंगरावर हाच प्रकार आहे की नर पाऊस पडल्यावरच वर येतात, हे जूनमध्ये कळेल. तोवर तक्त्यातल्या त्या रांगेत जातीच्या नावाच्या जागी एक रेघ आहे, आणि रेघेपुढं पेन्सिलीनं लिहिलंय: पहिल्या पावसानंतर तीच जागा, तोच उतार, रात्री बॅटरी घेऊन.